पाडव्याला झाडं लावायची की पिशव्या भरायच्या?

या महिन्यात सोसायट्या, शाळा आणि महिला मंडळांकडून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच: मुलाबाळांसह, घरच्या आजी-आजोबांसह वसंतात निसर्गाचा काही कार्यक्रम घ्यायचा आहे, तो कसा घ्यावा? निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या कॉलनीत चाळीस कुटुंबं आहेत. गुढीपाडव्याला मुलांच्या हातून पन्नास झाडं लावायचं ठरतंय. कोणती रोपं आणावीत? (लातूर)

पाडव्याला रोपं जमिनीत लावू नका. मराठवाड्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पाडव्यापासून पुढचे अडीच महिने जमीन फक्त सुकत जाते. काळी माती सुकताना आक्रसते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांमध्ये रोपाची कोवळी मुळं तुटतात, शिवाय खालची ओलही तिथूनच उडून जाते. वरून रोज तांब्याभर पाणी घातलं तरी ते वरच्या दोन-तीन इंचांतच राहतं. मग मुळंही वरच घुटमळतात, आणि कॉलनी चार दिवस लग्नाला गेली की रोप माना टाकतं. आपल्या नावाचं झाड मेलेलं पाहिलेल्या मुलाला पुढच्या वर्षी बोलावणं फार अवघड जातं.

पाडवा हा रोपवाटिका सुरू करायचा दिवस माना. मार्चमध्ये पिशवीत पेरलेलं करंजाचं किंवा चिंचेचं बी जुलैपर्यंत लावण्याजोगं रोप होतं, आणि मुलांना बियाणापासून झाडापर्यंत सगळं बघायला मिळतं.

चाळीस कुटुंबांना प्रत्येकी पाच, म्हणजे २०० पिशव्या धरा. पाच बाय आठ इंचांची रोपवाटिकेची पिशवी घ्या. तिच्यात साधारण एक लिटर मिश्रण मावतं. दहा लिटरच्या बादलीने सात बादल्या चाळलेली काळी माती, सात बादल्या वाळू आणि सात बादल्या पूर्ण कुजलेलं शेणखत एकत्र केलं की २०० पिशव्या भरतात. माती तांबडी किंवा मुरमाड असेल तर वाळू निम्मी करून तेवढी माती वाढवा. वाळूत कंजूषी केली तर काळी माती पिशवीत विटेसारखी घट्ट बसते, पाणी वर साचतं आणि मुळं गुदमरतात. शेणखताच्या ढिगात हात घालून पाहा. आत ऊब लागली किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या खताने कोवळी मुळं होरपळतात, आणि त्यातून हुमणीच्या अळ्याही येतात.

विकतच्या पिशव्या नको असतील तर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या धुऊन वापरता येतात. त्यांना तळाशी आणि खालच्या बाजूंना मिळून आठ भोकं पाडा. मात्र त्यात माती निम्मीच मावते, म्हणून उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागेल.

कामाची वाटणी वयाप्रमाणे करा. माती-खत चाळणं आणि फावड्याने मिसळणं हे मोठ्यांचं काम. चार ते सहा वर्षांची मुलं कपाने पिशव्या भरतात, त्यांना ते मनापासून आवडतं. सात वर्षांपुढची मुलं बी पेरतील आणि पाट्या लिहितील. पिशवी भरताना दोन-तीनदा जमिनीवर आपटून बसवावी आणि वर बोटभर जागा रिकामी ठेवावी, नाहीतर झारीचं पाणी मातीसकट बाहेर ओघळतं. पाटी म्हणून आइस्क्रीमची काडी चालते, पण तिच्यावर पेन्सिलीने लिहा. पेनाची आणि मार्करची शाई एप्रिलच्या उन्हात उडते.

बियाणं गावातच मिळतं. करंजाच्या शेंगा मार्च ते मे या काळात पिवळट तपकिरी होऊन पडतात. शेंग फोडा, बी एक रात्र पाण्यात ठेवा आणि दोन सेंटिमीटर खोल आडवं पेरा, दोनेक आठवड्यांत उगवतं. चिंचोके चोवीस तास भिजवावेत. बहाव्याच्या काळ्या शेंगा याच काळात झाडावर लटकलेल्या असतात. शेंग फोडून चिकट गर धुऊन टाका. बहाव्याचं आणि शिरीषाचं बी कठीण कवचाचं असतं, पाणी आत शिरत नाही म्हणून ते महिनोन्महिने तसंच पडून राहतं. मुलांकडून प्रत्येक बी एका कडेला पॉलिश पेपरवर घासून घ्या. आतला फिकट रंग दिसू लागला की थांबायचं आणि मग बी रात्रभर भिजवायचं. टम्म फुगलेली बिया पेरा, न फुगलेली पुन्हा घासा. बहावा सावकाश वाढतो, त्याची रोपं एक पावसाळा पिशवीतच सांभाळून पुढच्या वर्षी लावावीत. शेवगा याच्या उलट आहे. तो मार्चमध्ये पेरला तर जुलैपर्यंत पिशवीत मावणार नाही, म्हणून त्याचं बी मेमध्ये पेरा.

बाभळीसाठी एक चांगला मार्ग आहे. शेळ्या शेंगा खातात आणि रवंथ करताना बी टाकतात. वाड्यात पडलेलं असं बी लवकर उगवतं, कारण शेळीच्या पोटात त्याचं कवच नरम झालेलं असतं. गावातल्या शेळीपालकाला विचारा आणि मुलांना घेऊन वाड्यावर जा.

कडुनिंबाचं बी मात्र पाडव्याला पेरू नका. कुणाकडे गेल्या वर्षीच्या वाळलेल्या निंबोळ्या असतात, त्या उगवत नाहीत, कारण निंबोळीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते. जून-जुलैत पिवळ्या निंबोळ्या पडतात, त्या धुऊन लगेच पेरायच्या.

भरलेल्या पिशव्या झाडाच्या सावलीत किंवा पन्नास टक्के सावलीच्या हिरव्या शेडनेटखाली ठेवा. उगवेपर्यंत सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी, नंतर दिवसातून एकदा. रोपं जमिनीलगत नरम पडून आडवी होत असतील तर ती मर रोगाची लागण आहे. बहुतेक वेळा ती जास्त पाण्याने येते, म्हणून पाणी कमी करा आणि पिशव्यांमध्ये अंतर ठेवा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पिशवी उचलून जागा बदला, नाहीतर मुळं तळातून जमिनीत घुसतात आणि जुलैत पिशवी उचलताना मुख्य मूळच तुटतं.

आणि खड्डे? ते एप्रिल-मेमध्ये खणा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हात तापू द्या. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती हातभर खोल ओली झाली की लागवड करा. तेव्हा मुलांच्या हातात त्यांनीच पेरलेलं रोप असेल.

लहान मुलांसह चाळीसेक जणांची निसर्गफेरी काढायची आहे. कुठे, किती वाजता, काय दाखवायचं? (छत्रपती संभाजीनगर)

शहरातच हिमायतबाग आहे, जुनी मोठी झाडं आणि भरपूर पक्षी. तिथे कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, म्हणून आधी परवानगी घ्या. पाणपक्षी बघायचे तर फेब्रुवारीतच पैठणला नाथसागराच्या काठी जावं. मार्च सरता सरता स्थलांतरित पक्षी परतीला लागतात. बीडकरांना नायगावचं मयूर अभयारण्य जवळ आहे, धाराशिवकरांना येडशीचं रामलिंग, कन्नडकरांना गौताळा. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात प्रवेशाची वेळ आणि शुल्क विचारून ठेवा.

चाळीस जण एकत्र चालले तर मागच्यांना फक्त पुढच्यांची पाठ दिसते. दहा-दहाचे चार गट करा. प्रत्येक गटात एक माहितगार पुढे आणि एक जबाबदार माणूस शेवटी. सकाळी सातला सुरुवात, नऊ वाजता शेवट, दीड किलोमीटरपेक्षा जास्त चाल नको. एप्रिलमध्ये साडेआठलाच संपवा. माणशी एक लिटर पाणी, टोपी, पायात बूट.

मार्चमध्ये दाखवायला खूप आहे. पळस, पांगारा आणि काटेसावर पानं झाडून फुलतात. पानं नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात आणि मधासाठी साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी, पोपट त्यांच्यावर गर्दी करतात. एका फुललेल्या झाडाखाली दहा मिनिटं गप्प बसून येणारे पक्षी मोजणं, हा मुलांसाठी फेरीतला सगळ्यात चांगला भाग असतो. पिंपळाची तांबूस पालवी, आंब्याच्या कैऱ्या आणि पाडव्याच्या सुमाराला कडुनिंबाचा मोहोर हेही दाखवा. पळसाची जुनी पानं उरली असतील तर तीन-तीन पानांचा जुडगा हातात देऊन ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण पडताळायला सांगा.

मुलांना नोंदी करायची हौस असेल तर फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ होतो. किमान पंधरा मिनिटं एका जागी पक्षी मोजायचे आणि यादी ईबर्ड या संकेतस्थळावर भरायची, बाल्कनीतूनही जमतं. झाडांसाठी ‘सीझनवॉच’ आहे. त्यात एकच झाड निवडून दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं यांची नोंद करतात. एका फेरीपेक्षा वर्षभर एकाच झाडाकडे बघण्यातून मुलं जास्त शिकतात असं आमचं ठाम मत आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. या दिवसांत मोठ्या झाडांवर आणि लेण्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. फेरीच्या आदल्या दिवशी वाट स्वतः चालून मोहोळं बघून ठेवा, आणि असतील तर ती वाट सोडा. अत्तर, डोक्याला सुगंधी तेल, धूर, फटाके, दगड मारणं, सगळं बंद. माश्या उठल्याच तर हाताने हाकलू नका, नाक-तोंड कपड्याने झाकून लांब पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा लगेच नखाने खरवडून काढा, कारण तो अंगात राहतो तोवर विष सोडत असतो. ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली किंवा बरेच डंख असले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

होळीला मुलांसाठी पळसाच्या फुलांचा रंग करायचा आहे. प्रमाण सांगाल का? (परभणी)

फुलं झाडावरून ओरबाडू नका, सकाळी खाली पडलेली गोळा करा. पक्ष्यांचं खाणंही राहतं आणि रंगालाही काही कमी पडत नाही. सावलीत तीन-चार दिवस वाळवा. १०० ग्रॅम वाळलेली फुलं दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळा आणि सुती कापडातून दोनदा गाळा. गाळलं नाही तर पिचकारी तुंबते. केशरी-पिवळं पाणी मिळतं. ते त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो.

चिमूटभर चुना टाकला की रंग लालसर केशरी होतो, हे खरं आहे. पण तो प्रयोग रुमाल रंगवण्यापुरता ठेवा. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, म्हणून खेळायच्या रंगात तो अजिबात नको.

कोरड्या पिवळ्या रंगासाठी एक वाटी हळद आणि दोन वाट्या बेसन. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, पण घाबरू नका. साबण अल्कधर्मी असल्याने हळदीचा रंग पालटतो. नीट खळबळून उन्हात वाळत घातला की डाग फिका पडतो.

आम्ही महिला मंडळातर्फे शंभर मातीची भांडी पक्ष्यांच्या पाण्यासाठी वाटणार आहोत. काही सूचना? (जालना)

शंभर वाटण्याऐवजी तीस वाटा आणि प्रत्येक भांडं एका घराच्या नावावर करा. रोज पाणी बदलणारं माणूस ठरलेलं नसेल तर भांडं आठवड्यात कोरडं पडतं किंवा त्यात डास होतात. भर उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडाभरही पुरतो. रोज पाणी ओतून टाका आणि एक दिवसाआड काथ्याने घासा.

भांडं पसरट हवं, फूटभर रुंद आणि दोन इंच खोल. आतून खरखरीत असावं, नाहीतर पक्ष्यांचे पाय घसरतात. मध्ये एक चपटा दगड ठेवला की चिमण्या त्यावर उतरतात आणि पाण्यात पडलेले किडेही चढून बाहेर येतात. सावलीत ठेवा, पण झुडपाला चिकटून नको, मांजर दबा धरून बसते. दाण्यासाठी बाजरी, ज्वारी किंवा तांदळाची कणी मूठभर पुरे. साखरपाणी आणि फरसाण नको.

सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, करायची कार्यशाळा घेतोय. पण गेल्या वर्षी केलेले फुटले आणि उगवलेही नाहीत. काय चुकलं असेल? (धाराशिव)

फुटण्याचं कारण बहुधा नुसती काळी माती. ती सुकताना आक्रसते आणि गोळा चिरतो. निम्मी काळी, निम्मी तांबडी माती घ्या, दोन्ही चाळणीने चाळा. पाच भाग माती, तीन भाग कुजलेलं खत, एक भाग लहान बी. करंज, चिंच यांसारखं मोठं बी असेल तर गोळ्यात एकच. गोळा मोठ्या लिंबाएवढा. पाणी जेमतेम मूठ वळेल इतकंच. उन्हात नव्हे, सावलीत तीन दिवस वाळवा आणि हवेशीर गोणपाटात ठेवा.

न उगवण्याची कारणं दोन असू शकतात. बी भिजवून गोळे केले असतील तर ते आत फुगलं आणि गोळा वाळताना मेलं. पिशवीत पेरताना भिजवणं योग्य आहे, सीडबॉलमध्ये बी कोरडंच घालायचं. दुसरं कारण वेळेचं. वळवाच्या एका सरीवर गोळे टाकले की बी अंकुरतं आणि पुढच्या कोरड्या पंधरवड्यात जळतं. मृगाच्या दोन चांगल्या पावसांनंतर, ओल टिकते अशा जागी टाका. बालाघाटाच्या उतारावर काटेरी झुडपांच्या बुंध्याशी टाकलं तर शेळ्यांपासूनही राखण होते. नुसतं भिरकावण्यापेक्षा टाचेने अर्धा इंच दाबलेला गोळा जास्त टिकतो. तरीही बरेचसे जातात, हे मुलांना आधीच सांगा.

सुबाभूळ, वेडी बाभूळ आणि गिरिपुष्पाचं बी घालू नका. आधीच त्यांचा पसारा फार झाला आहे. आणि गवताळ माळरानावर सीडबॉल टाकूच नका. माळ ओसाड नसतो. चंडोल, पखुर्डी, काळवीट, लांडगा यांना तो उघडाच लागतो. तिथे झाडं वाढली तर त्यांची जागा जाते. वनविभागाच्या हद्दीत टाकायचे असतील तर लेखी परवानगी घ्या.

मागच्या पावसाळ्यात लावलेली साठ झाडं उन्हाळ्यात जगवायची आहेत. पाणी विकतचं आहे. (बीड)

मराठवाड्यात वसंतातला खरा सामुदायिक उपक्रम हाच. पाच वर्षांपूर्वी लावलेली झाडं मोजा असं कुणी म्हटलं तर मान खाली घालावी लागू नये, एवढीच आमची तळमळ आहे.

एक वर्षाच्या झाडाला रोज दोन लिटरपेक्षा पाच-सहा दिवसांनी एकदम दहा लिटर द्या. पाणी खोल जातं आणि मुळं त्याच्या मागे खाली जातात. साठ झाडांना एका फेरीला ६०० लिटर लागतात, म्हणजे एका फेरीला हजार लिटरची टाकी आरामात पुरते. पाणी संध्याकाळी द्या.

पाणी द्यायच्या आदल्या दिवशी खुरप्याने वरची दोन इंच माती भुसभुशीत करून भेगा बुजवा. हे काम मुलांना छान जमतं. नंतर उसाचं पाचट, तुरीच्या काड्यांचा चुरा किंवा सोयाबीनची गुळी म्हणजे भुसकट तीन-चार इंच पसरा, पण बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. बुंध्याला टेकलेल्या आच्छादनातून वाळवी सालीवर चढते.

पाणी आणखी वाचवायचं तर मटका. पाच लिटरचं, रंग न दिलेलं मडकं बुंध्यापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि झाकण ठेवा. झाकण नसेल तर डास होतात आणि सरडे, खारी आत पडतात. दर तीन-चार दिवसांनी पाहून भरा. दोन वर्षांत पाण्यातल्या क्षारांनी मडक्याची छिद्रं बुजतात आणि पाझर थांबतो, तेव्हा मडकं बदला.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी वापरायचं तर निम्मं साधं पाणी मिसळा. ते क्षारयुक्त असतं आणि काळ्या जमिनीत क्षार साठून राहतात. भांडी विसळल्याचं पाणी चालतं, कपड्यांच्या पावडरचं नको.

मार्चमध्ये मुलांकडून गच्चीवर कोणती भाजी पेरून घ्यावी? (नांदेड)

गवार, भेंडी, चवळी, अंबाडी, राजगिरा. मेथी-पालक आता नको, उन्हाने लवकर तुऱ्यावर येतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवा आणि दहा-बारा इंच खोल कुंडीत दोन सेंटिमीटर खोलीवर तीन बिया टाका. उगवल्यावर एकच जोमदार रोप ठेवा, बाकीची उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारचं मूळ हलत नाही. दीड-पावणेदोन महिन्यांत पहिली भेंडी मिळते. कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका. दुपारी स्लॅब तापतो आणि मुळं शिजतात. खाली दोन विटा द्या आणि एप्रिलपासून दुपारची सावली करा.